कार्टला खोके दिसत नाही: ऑनलाइन दुकानाचे शिपिंग दर बसवताना

ग्राहकाने एक किलो पातळ पोह्यांचा चिवडा कार्टमध्ये टाकला. कार्टच्या हिशेबी ती एक वस्तू, वजन एक किलो. कुरिअरवाल्याला चिवड्याशी देणेघेणे नाही, तो खोके मोजतो. ३० × २५ × २० सेंटिमीटरच्या खोक्यात भरलात तर १५,००० घन सेंटिमीटर भागिले ५,००० (हा कुरिअरचा भाजक) म्हणजे तीन किलोचे बिल येते. काट्यावर तेच पार्सल सव्वा किलोचे भरते. मापांवरून काढलेल्या या तीन किलोला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. खरे वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्याचेच पैसे लागतात.

आता तोच चिवडा अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन पाकिटांत घालून २५ × २० × १५ च्या खोक्यात बसवा. ७,५०० भागिले ५,००० म्हणजे दीड किलो. उदाहरणापुरता राज्यातला दर असा धरू: पहिल्या ५०० ग्रॅमला ४५ रुपये, पुढच्या प्रत्येक ५०० ग्रॅमला ३५. मोठ्या खोक्याचे २२० रुपये झाले, लहान खोक्याचे ११५. माल तोच, ग्राहक तोच, आणि १०५ रुपये हवेपायी गेले. शिपिंगचे सेटिंग उघडण्याआधी टेप आणि वजनकाटा काढायचा तो यासाठी. पुढचे सगळे खटाटोप, म्हणजे झोन, वर्ग, सूत्रे, हे कार्टला न दिसणारे खोके अंदाजाने तिला दाखवण्याचे मार्ग आहेत.

खाली उदाहरण घेतले आहे ते पुण्यातून मसाले, चिवडा, पापड आणि लोणची पाठवणाऱ्या दुकानाचे, वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर. आपल्याकडची पुष्कळ लहान दुकाने त्यावरच उभी असतात. दुसरे सॉफ्टवेअर असेल तर बटणांची नावे बदलतील, गणित बदलणार नाही.

आधी कागदावर

दुकानात खोक्यांची मापे तीन ठेवा, फार तर चार. प्रत्येक मापाचे रिकामे खोके वजन करून त्याच्यावरच मार्करने लिहून ठेवा. मग नेहमी जाणाऱ्या आठ-दहा ऑर्डरी खरोखर भरून, टेप मारून, बिल आत घालून काट्यावर ठेवा. पाकिटावर छापलेले वजन इथे कामाचे नाही. २०० ग्रॅम मसाल्याचे पाकीट प्लॅस्टिकसकट २०५ ग्रॅम भरते. अशी दोन पाकिटे ४१० ग्रॅम झाली. १८ × १३ × ८ चे फाइव्ह प्लायचे (पाच थरांच्या पुठ्ठ्याचे) खोके १०० ग्रॅमचे, बिल-टेप-भरण १५ ग्रॅम. एकूण ५२५. पंचवीस ग्रॅमसाठी पुढचा स्लॅब, म्हणजे वजनाची पुढची पायरी, लागला आणि ४५ चे ८० झाले. हीच दोन पाकिटे वीस ग्रॅमच्या कुरिअर बॅगेत घातली तर ४४५ ग्रॅम, म्हणजे पहिल्याच स्लॅबमध्ये. मसाल्याचे पाकीट फुटण्यासारखे नसेल तर दोन नगांपर्यंत खोके वापरूच नका. लोणच्याच्या काचेच्या बरणीला मात्र हा शहाणपणा चालत नाही.

कुरिअर कंपनीकडून किंवा अनेक कुरिअर एकत्र देणाऱ्या पोर्टलकडून दरपत्रक घेताना पाच गोष्टी लेखी मागा: भाजक ५,००० आहे की कमी (रस्त्याने जाणाऱ्या मालाला काही जण वेगळा भाजक लावतात आणि भाजक जितका लहान तितके बिल मोठे), स्लॅब अर्ध्या किलोचा की एक किलोचा, इंधन अधिभार दरात धरला आहे की वर आहे, सीओडीचा (माल हाती मिळाल्यावर पैसे देण्याच्या सोयीचा) आकार किती, आणि माल परत आला तर काय लागते. वर १८ टक्के जीएसटी येतो. तुमची नियमित नोंदणी असेल तर त्याचे क्रेडिट मिळते, म्हणून खालच्या हिशेबात तो धरलेला नाही. नोंदणी नसेल तर तो तुमचाच खर्च, प्रत्येक आकड्यात मिळवा. राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर, हस्तकलेसारखे थोडे अपवाद सोडून, नोंदणी लागतेच.

झोन: वरून खाली, पहिला लागला की थांबला

वूकॉमर्स, सेटिंग्ज, शिपिंग, अ‍ॅड झोन. झोन म्हणजे 'या पत्त्यांना हे दर'. कार्ट ग्राहकाचा पत्ता घेऊन यादीच्या वरच्या झोनपासून खाली येते आणि पहिला जुळणारा झोन लागला की पुढे बघत नाही. हे डोक्यात पक्के बसले की निम्म्या तक्रारी मिटतात. 'पुणे शहर' हा झोन 'महाराष्ट्र'च्या खाली असेल तर पुण्याच्या ग्राहकाला पुण्याचा दर कधीच दिसणार नाही, कारण तो आधी महाराष्ट्रात सापडतो. डावीकडची दांडी धरून झोन वर ओढायचा आणि जतन करायचे. लहान प्रदेश वर, मोठा खाली.

पुण्यातल्या दुकानाला चार झोन पुरतात. सगळ्यात वर पुणे शहर: प्रदेश महाराष्ट्र निवडायचा आणि पिनकोडच्या चौकटीत ४११ पुढे तारा (*, म्हणजे पुढचे अंक कोणतेही). त्याखाली महाराष्ट्र आणि गोवा. तिसरा महागडा झोन, म्हणजे ईशान्येची राज्ये, जम्मू-काश्मीर, लडाख, अंदमान, लक्षद्वीप. चौथा, उरलेला भारत. तिसऱ्यातली नावे राज्याने निवडा, पिनने नको. लक्षद्वीपचे पिन ६८२ नेच सुरू होतात आणि कोचीचेही, त्यामुळे ६८२ पुढे तारा टाकला तर कोचीच्या ग्राहकाला बेटाचा दर लागेल.

पिनकोडची चौकट ही प्रदेशाला लावलेली चाळणी आहे. प्रदेशात महाराष्ट्र आणि चौकटीत ४११ तारा असेल तर 'महाराष्ट्र किंवा ४११' असा अर्थ होत नाही, 'महाराष्ट्रातले फक्त ४११' असा होतो. एका ओळीत एकच नोंद करायची. तारा चालतो, किंवा दोन पूर्ण पिनकोडच्या मध्ये तीन टिंबे देऊन पल्ला चालतो. पल्ल्यात तारा मिसळला तर चालत नाही. आणि आकडे इंग्रजीच टाका. देवनागरी ४११ शी इंग्रजी पिन जुळत नाही, आणि ग्राहकाने मराठी कळफलकावरून देवनागरी पिन भरला तर चेकआउट तो चुकीचा म्हणून परत पाठवते. पिनच्या रकान्याखाली तसे एक वाक्य लिहून ठेवा.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आले आणि ते टपालाच्या सोयीसाठी आले, राज्यांच्या नकाशासाठी नाही. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र असे समजून कोणी ४ पुढे तारा टाकला की मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवाही आत येतात. महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४ ने सुरू होतात, हे बरोबर. पण मुंबई-ठाणे-रायगडसाठी ४० पुढे तारा टाकणाऱ्याला ४०३ आडवा येतो, तो गोवा. प्रदेशात महाराष्ट्र निवडले असेल तर गोवा आपोआप गाळला जातो. नुसता भारत निवडला असेल तर पणजीला मुंबईचा दर जातो.

शहराच्या कडेलाही अशीच गोची आहे. पिंपरी-चिंचवड ४११ मध्ये येते, हिंजवडी ४११०५७, पण वाघोली ४१२२०७ आणि फुरसुंगी ४१२३०८. पुण्यात राहणारा ग्राहक 'मी पुण्यातच आहे, मला बाहेरगावचा दर का' असे विचारतो आणि तो बरोबरच विचारतो. कुरिअर त्या पिनला शहरातला दर लावत असेल, तर हे पिन ४११ तारा खाली एकेका ओळीत लिहून टाका. पुण्याचे सगळे ४१२ घालू नका. त्यात तालुक्यांची गावेही आहेत.

कोल्हापुरातून विकणाऱ्याची अडचण वेगळी. बेळगाव, निपाणीचा मराठी ग्राहक हातभर अंतरावर, पण राज्य कर्नाटक म्हणून तो 'उरलेल्या भारता'त पडतो. त्याला कुरिअरचा जवळचा दर लागत असेल, तर कर्नाटक निवडून ५९० आणि ५९१ पुढे तारा अशा चाळणीचा वेगळा झोन करून तो 'उरलेल्या भारता'च्या वर ठेवता येतो. महानगर दराचेही तसेच: ११०, ४००, ५००, ५६०, ६००, ७०० या पिनांवर झोन होतो, पण आधी तुमचे कुरिअर तुमच्या गावाला महानगर मानते का ते दरपत्रकात पाहा.

यादीच्या तळाशी वूकॉमर्सने स्वतःहून ठेवलेला एक झोन असतो, इतर कुठल्याही झोनमध्ये न बसणाऱ्या पत्त्यांसाठी. परदेशी पाठवत नसाल तर त्यात काही भरू नका. तिकडच्या ग्राहकाला शिपिंग उपलब्ध नाही असा निरोप जातो, तो बरा. शारजाहून आलेल्या ऑर्डरला ६० रुपये घेऊन बसण्यापेक्षा केव्हाही बरा. परदेशासाठी सरसकट दर ठेवूच नका. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली. तेव्हापासून तिकडच्या फराळाच्या डब्यावर शुल्क कोण भरणार, हे पाठवण्याआधीच ठरवावे लागते. ती ऑर्डर निरोपानिरोपीने ठरवलेली बरी.

वर्ग आणि सूत्र

प्रत्येक झोनमध्ये पद्धत भरायची असते. तीन मुळातच मिळतात: ठरावीक दर (फ्लॅट रेट), मोफत, आणि दुकानातून नेणे. 'फ्लॅट रेट' हे नाव फसवे आहे. त्याच्या रकान्यात नुसता आकडा नाही, सूत्रही लिहिता येते.

त्याआधी शिपिंग क्लास करा. वस्तूच्या प्रकारावरून नाही, खोक्यात ती कशी वागते त्यावरून. मसाल्याची पाकिटे लहान आणि घट्ट. चिवडा, पापड फुगीर. लोणच्याची बरणी म्हणजे काच. गूळ, तांदूळ जड. चार वर्ग झाले. प्रत्येक उत्पादनाच्या शिपिंग टॅबमध्ये जाऊन वर्ग निवडा. राहून गेलेल्या वस्तूंना 'वर्ग नाही' या रकान्यातला दर लागतो आणि तो रकाना रिकामा असेल तर त्यांचे शून्य धरले जाते. नव्या वस्तू टाकताना हेच विसरले जाते. म्हणून तो रकाना रिकामा न ठेवता त्यात फुगीर वर्गाचाच दर भरून ठेवा. चूक झाली तरी ती तुमच्या अंगावर येत नाही.

आता मसाल्याचे सूत्र. राज्यातल्या झोनसाठी '३० अधिक १५ गुणिले नग' असे लिहिले. प्रत्यक्ष टाइप करताना 'नग'च्या जागी चौकोनी कंसात क्यू, टी, वाय ही तीन लहान इंग्रजी अक्षरे येतात आणि गुणाकाराला तारा. एका पाकिटाला ४५ रुपये, खर्चही ४५. दोन पाकिटांना ६०, बॅगेत गेली तर खर्च ४५. तीनला ७५ मिळतात, खर्च ८०. चारला ९०, खर्च ८०. पाच पाकिटे २५ × २० × १५ च्या खोक्यात गेली की दीड किलोचे ११५ लागतात आणि सूत्र १०५ देते. सहाला १२० आले, खर्च ११५. सातला १३५ आले, खर्च १५०. आठला दोन्हीकडे १५०. कुरिअरचा दर जिन्यासारखा पायरीपायरीने चढतो, सूत्र चढणीसारखे सरळ. दोन्ही प्रत्येक नगाला जुळणार नाहीत. एक ते आठ नगांची घट-वाढ बेरजेला शून्य आली, एवढे पुरे. मात्र तुमच्या निम्म्या ऑर्डरी सात पाकिटांच्या असतील तर या शून्यावर जाऊ नका. आपल्या ऑर्डरी कुठल्या नगावर गोळा होतात ते बघून मगच ३० आणि १५ ठरवा.

वर्गांच्या खाली एक निवड असते: प्रत्येक वर्गाचा दर वेगळा लावून बेरीज करायची, की ऑर्डरमधल्या सगळ्यात महाग वर्गाचाच लावायचा. मुळात बेरजेची पद्धत निवडलेली असते. एक मसाला ४५ आणि एक चिवडा ११५ घेतला तर बेरजेने १६० होतात. प्रत्यक्षात मसाल्याचे पाकीट चिवड्याच्या खोक्यात कोपऱ्यात बसते आणि खर्च फार तर एक पायरी वाढतो. ग्राहक १६० बघून मसाला काढून टाकतो, म्हणजे तुम्ही आपल्या हाताने विक्री कमी केली. लहान वस्तू मोठीच्या फटीत बसत असतील तर 'सगळ्यात महाग वर्ग' ही पद्धत घ्या आणि प्रत्येक वर्गाचे सूत्र नगावर ठेवा, म्हणजे तीन चिवड्यांना एकाच चिवड्याचा दर लागणार नाही. काचेच्या बरण्या मात्र वेगळ्या खोक्यातच जात असतील, तर बेरीज योग्य. एका झोनमध्ये एका पद्धतीला दोन्ही जमत नाही. अशा वेळी 'महाग वर्ग' ठेवून काचेच्या सूत्रातच थोडी जास्त रक्कम धरा. हा तडजोडीचा मार्ग आहे, पण प्लगइन (वूकॉमर्सला वरून जोडायचे सॉफ्टवेअर) न घेता चालतो.

प्लगइन कधी घ्यावे? वस्तू पन्नासच्या पुढे गेल्या आणि एका ऑर्डरीत सात-आठ वेगवेगळ्या वजनांचे नग येऊ लागले की वजनावर चालणारे टेबल रेट प्लगइन लागते. मूळ फ्लॅट रेट वजन बघतच नाही. वजनाचे प्लगइन घेतलेत तर दोन ठिकाणी लक्ष ठेवा. उत्पादनांच्या सेटिंगमध्ये वजनाचे एकक किलो आहे की ग्रॅम, ते आधी पाहा. एकक किलो असताना मसाल्याला २०० लिहिले की कार्ट दोनशे किलो धरते आणि ग्राहकाला हजारोंचा आकार दिसतो. उलट, वजन रिकामे राहिले की ते शून्य धरले जाते, आणि ही चूक ग्राहक तुम्हाला कळवायला येत नाही. दुसरे, प्लगइनमध्ये भरायचे वजन म्हणजे पाकिटाचे वजन नव्हे. चिवड्याच्या अर्ध्या किलोच्या पाकिटाला ०.७५ लिहा, कारण खोक्यात ते तेवढे होते. मात्र हा आकडा उत्पादनाच्या पानावर ग्राहकाला निव्वळ वजन म्हणून दिसत नाही ना, तेही तपासा.

पाककृतीची पीडीएफ विकत असाल तर त्या उत्पादनावर 'व्हर्च्युअल' ही खूण करा, नाहीतर तिलाही शिपिंग लागते.

किती रुपयांवर मोफत

'पाचशेच्या वर मोफत' हे बहुतेक दुकानांनी एकमेकांचे बघून ठेवलेले असते. हिशेब असा करायचा. समजा सरासरी ऑर्डर ४८० रुपयांची, निव्वळ मार्जिन ३० टक्के, पाठवणीचा सरासरी खर्च ८०. मोफत दिल्यावर ते ८० मार्जिनमधून जाणार. ८० रुपये मार्जिन मिळायला २६७ रुपयांची जास्तीची विक्री लागते. म्हणजे ७४७ च्या खाली मोफत ठेवले तर ग्राहकाने जास्त घेऊनही तुम्हाला कमी उरते.

पण एवढ्यावर थांबू नये. जे ग्राहक आजही साडेसातशेच्या वर घेतात आणि निमूट शिपिंग भरतात, त्यांनाही आता फुकट जाणार. शंभरात असे दहा असतील तर ८०० रुपये गेले. ४८० वरून ७९९ वर चढलेल्या एका ग्राहकामागे ३१९ चे ३० टक्के, म्हणजे सुमारे ९६ वजा ८० असे १६ रुपये सुटतात. आठशे भरून काढायला असे पन्नासेक ग्राहक चढावे लागतील. ते होत नसते. उंबरठा ८९९ केला की चढलेल्या ग्राहकामागे सुमारे ४६ रुपये सुटतात, आणि आधीपासून त्या रकमेवर असलेले शंभरात पाचच असतील तर ४०० रुपयांची भरपाई नऊ जणांत होते. तुमचे आकडे वेगळे येतील. ऑर्डरींची यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवून दोन-तीन उंबरठे घालून पाहा. वाढलेल्या मालाचे वजनही वाढते, हे त्यात धरायला विसरू नका.

मोफतच्या पद्धतीत 'किमान रक्कम' निवडा. कुपन असेल तर मुळात कुपन वजा झाल्यावरची रक्कम बघितली जाते. कुपनाआधीची रक्कम धरायची तर त्यासाठी वेगळी खूण आहे. दिवाळीत दहा टक्के सूट जाहीर केली आणि ९५० ची कार्ट ८५५ वर आली की ग्राहकाचा 'मोफत' गायब होतो आणि फोन येतो. काय हवे ते आधीच ठरवा. दुसरी गोष्ट, मोफत लागू झाल्यावरही शेजारी सशुल्क पर्याय दिसत राहतो आणि चुकून तोच निवडला जातो. मोफत असताना बाकीचे लपवा; तुमच्या आवृत्तीत शिपिंगच्या पर्यायांत तशी खूण नसेल तर छोटा कोड किंवा साधे प्लगइन लागते. लपवताना 'दुकानातून नेणे' हा पर्याय मात्र राहू द्या.

गूळ-तांदळाला मोफतचा नियम लावू नका. पाच किलो गुळात मार्जिन कमी आणि वजन जास्त. मोफतची पद्धत वर्ग बघत नाही, म्हणून यालाही कोड किंवा प्लगइन लागेल. किंवा जड माल फक्त पुणे शहरातच विका. हा उपाय कंटाळवाणा आहे, पण पैसे वाचवतो.

सीओडी आणि परतीचा माल

शंभर सीओडी पार्सलांपैकी वीस परत आली असे धरा. जाण्याचे ८० आणि येण्याचे ८०, एकेका पार्सलाला १६०. वीस पार्सलांचे ३,२०० झाले. पोचलेल्या ऐंशींवर वाटले की प्रत्येकी ४० रुपये. त्याशिवाय कुरिअरचा सीओडी आकार, जो ठरावीक रक्कम किंवा टक्केवारी यांतला जास्त असतो. म्हणून सीओडीला काही जादा न घेणे म्हणजे आगाऊ पैसे भरणाऱ्याच्या खिशातून परत पाठवणाऱ्याचा खर्च भागवणे. वूकॉमर्समध्ये सीओडीवर जादा आकार मुळात लावता येत नाही, त्याला प्लगइन लागते. पण सीओडी कुठल्या शिपिंग पद्धतींना चालू ठेवायची ती यादी पेमेंटच्या सेटिंगमध्ये आहे. तिथून महागडा झोन काढून टाका. लेहहून परत आलेला चिवडा खाण्यासारखा राहत नाही.

कर आणि दाखवणे

मालासोबत तुम्ही जे शिपिंग घेता ते त्याच पुरवठ्याचा भाग धरले जाते, त्यामुळे त्यावर मालाचा दर लागतो, कुरिअरचा १८ टक्के नाही. मसाल्याला ५ टक्के, तर त्याच्या शिपिंगलाही ५. वूकॉमर्सच्या टॅक्स सेटिंगमध्ये शिपिंगचा करवर्ग 'कार्टमधल्या वस्तूंप्रमाणे' ठेवा. मिश्र कार्टमध्ये ते एकच करवर्ग निवडते आणि 'स्टँडर्ड' वर्गातली वस्तू असेल तर तोच. म्हणून ज्या दराचा माल जास्त, तो दर स्टँडर्डमध्ये भरा. करमुक्त पापड आणि करपात्र मसाला एका बिलात येत असतील तर सीएला विचारून घ्या.

इथेच एक हमखास ठेच लागते. उत्पादनांच्या किमती करासहित भरल्या असल्या तरी शिपिंगचा आकडा वूकॉमर्स नेहमी कराविनाच धरते. ४५ लिहिले की ग्राहकाला ४७.२५ दिसतात. गोल आकडा हवा असेल तर उलटा भागाकार करून ४२.८६ लिहा, म्हणजे ४५ दिसतील.

ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, पोचवण्याच्या आकारासह, दाखवावी लागते. शेवटच्या पानावर आकार उगवणे हे २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणारी मांडणी) मार्गदर्शक सूचनांत 'ड्रिप प्रायसिंग' म्हणून नोंदले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी चेकआउटला ४७ चे अचानक १२१ झालेले बघून ग्राहक पान बंद करतो. हे होते ते एका सेटिंगमुळे: ग्राहकाचे मूळ ठिकाण 'दुकानाचा पत्ता' असे ठेवलेले असते, म्हणून पत्ता भरेपर्यंत सगळ्यांना दुकानाच्या राज्याचाच दर दिसतो. 'पत्ता भरेपर्यंत शिपिंग लपवा' ही खूण करा, कार्टवरचे शिपिंग कॅल्क्युलेटर चालू ठेवा, आणि झोननिहाय दर उत्पादनाच्या पानावर दोन ओळींत लिहा.

दुकान उघडण्याआधी

शिपिंगच्या पर्यायांत डीबग मोड आहे. तो लावला की कार्ट कुठला झोन जुळला ते नावासकट सांगते आणि दरांचा साठवलेला जुना हिशेब वापरत नाही. सेटिंग बदलूनही जुनाच दर दिसत असेल तर बहुधा तो साठाच कारण असतो. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून हे पिन एकेक घाला: ४११०३०, ४१२२०७, ४००००१, ४०३००१, ४५२००१, ६८२००१, ६८२५५५, १९४१०१, ७९३००१. प्रत्येकाला योग्य राज्य निवडा. शेवटचे तीन, म्हणजे कवरत्ती, लेह आणि शिलाँग, महागड्या झोनमध्ये पडले पाहिजेत. ४५२००१ इंदूर, ते 'उरलेल्या भारता'त. मग प्रत्येक पिनला चार कार्ट करून पाहा: एक मसाला, आठ मसाले, मसाला आणि चिवडा एकत्र, आणि मोफतच्या उंबरठ्याच्या एक रुपया खाली. डीबग बंद करायला विसरू नका. तो निरोप ग्राहकालाही दिसतो.

दुकान चालू झाल्यावर कुरिअरकडून वजनफरकाची बिले येऊ लागतात: तुम्ही ५०० ग्रॅम लिहिले, आम्हाला एक किलो भरले. बहुतेक पोर्टलवर हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात आणि पुरावा मागतात. म्हणून बंद केलेले पार्सल काट्यावर, आकडा आणि लेबल दोन्ही दिसतील असा एक फोटो, आणि टेप लावून मापांचा दुसरा, रोज पिकअपच्या आधी काढून ऑर्डर क्रमांकाने जतन करा. महिन्याच्या शेवटी कुरिअरचे बिल आणि कार्टने गोळा केलेले शिपिंग झोननिहाय शेजारी मांडा. सलग दोन महिने एकाच झोनमध्ये तूट दिसली तर सूत्रातला पहिला आकडा पाच रुपयांनी वाढवा. तूट एकाच वर्गात असेल तर दराला हात लावू नका, त्या वर्गाचे खोके पुन्हा मोजा.